होडीत माणसं किती

स्कार्वोया, १६ जून

बोर्गहिल,

काल आयलर्ट तिघा मित्रांना आणि एका जाडजूड दोरखंडाला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. हा आयलर्ट तुझ्या वेळी इथे नव्हता. मूशोएनला दातांचा डॉक्टर आहे. आपली बंद पडलेली शाळा विकत घेऊन त्याने तिचं उन्हाळ्याचं घर केलंय. माणूस वाईट नाही. जरा जास्तच हसतो, पण त्या धंद्यात हसून दाखवावंच लागत असेल.

"सेंट हान्सच्या रात्री पेटवतात त्या होळीसाठी होडी न्यायला आलोय," म्हणाला.

"कुठली होडी?"

"ती काय, होडीघरामागे पालथी पडलीये ती. जुनी होडी उभी करून पेटवली की काय दिसते म्हणून सांगू! पोरं खूश होतील."

"आणि तुला ती दिली कुणी?"

"तुमच्या बहिणीने. फोन केला होता ना आम्ही. त्या म्हणाल्या, न्या, कुजलीये ती, तिचं आता काही व्हायचं नाही."

तू लग्न करून ब्रोन्नोयसुंडला गेल्यापासून नाताळची कार्डं सोडली तर तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप. आणि तो मला दातांच्या डॉक्टरकडून कळावा!

मी म्हटलं, "होडी बाबांनी आम्हा दोघींच्या नावावर केलीय. तिने तिची अर्धी दिली असेल तर माझी काही हरकत नाही. करवत आणलीय का? मागची बाजू माझी, तेवढी सोडून बाकीची न्या."

चौघेही एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग मी कॉफी टाकली, वॉफल केले, त्यावर घरचा मुरंबा दिला. खाऊन झाल्यावर म्हटलं, तगडे चौघे आलाच आहात आणि दोरखंडही तुमचाच आहे, तर एक काम करा. त्यांनी आपली 'पेट्रीने' होडी सुलटी केली, ओंडक्यांवरून लोटत होडीघरात आणली आणि लाकडी घोड्यांवर चढवली. जाताना आयलर्टने हळूच विचारलं, "मग होळीत घालायचं काय?" म्हटलं, शाळेतली बाकं घाल. तीही कुजलीत.

तर होडी आत आली आहे आणि उद्यापासून मी ती दुरुस्त करायला घेणार आहे. परवानगी मागत नाहीये, कळवते आहे. आपण दोघींनी तिच्यावर जन्म काढला, म्हणून.

फोन करणार होते. पण फोनवर तू गप्प बसतेस, मीही गप्प बसते, आणि मध्ये नुसती घूं-घूं चालू राहते. कागदावर निदान एकीचं तरी बोलणं पुरं होतं.

गुन्वोर

ता. क. हिवाळ्याच्या वेळापत्रकापासून प्रवासी बोट स्कार्वोयाला थांबणार नाही म्हणे. बारमाही राहणारं इथे कुणी उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सोडून.


स्कार्वोया, ६ जुलै

बोर्गहिल,

पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. होडी कुजलीये, तुझं वय झालंय, आमच्याकडे खालची खोली रिकामीच असते. पहिली गोष्ट मी तपासून पाहिली आहे, तेवढ्यापुरतं उत्तर देते.

कणा दगडासारखा आहे. हातोडीने ठोकत गेले, टणटण वाजतो. उजव्या अंगाच्या खालच्या दोन फळ्या मऊ झाल्या होत्या, त्या काढल्या. तांब्याच्या खिळ्यांची डोकी उडवायला एक दिवस गेला आणि माझी कंबर सरळ व्हायला दुसरा. पुढच्या आडव्या फळीवर तू सुरीने कोरलेला तो मासा अजून आहे. तो कॉड आहे असं तू म्हणायचीस. मला तो कायम बूट वाटत आला आहे.

सगळ्यात वाईट अवस्था मागच्या उभ्या फळीची. सुरी टोचली तर मुठीपर्यंत आत गेली. आयलर्टला मी तीच बाजू राखून ठेवायला सांगत होते, हसायला हरकत नाही. आता ती ओकचीच हवी, कारण पुढे मोटर तिच्यावरच लटकणार. ओक इथे कुठून आणायचा? दोन दिवस विचार केला आणि मग गोठ्याचा उंबरठा काढला. गाय नाही तर उंबरठा कशाला? काढताना मात्र आत कुणीतरी हंबरेल असं उगाच वाटत राहिलं.

इंजिन गेलं. मधलं ते जुनं, ज्याला तू रोज सकाळी "ऊठ गं म्हातारे, ऊठ" म्हणायचीस. पार धरलंय. तेल घातलं, तापवलं, तुझ्यासारखी गोड बोलून पाहिली. माझं त्याने पूर्वीही कधी ऐकलं नाही. शेवटी साखळीने उचलून बाहेर काढलं. आता तिथे एवढा मोठा रिकामा चौकोन दिसतो की त्यावर मी पोतं टाकून ठेवलंय.

म्हणून मागे लावायची मोटर घ्यायची ठरवली. तुझ्याच गावात, पेट्रोल पंपापलीकडे ते दुकान आहे ना, तिथे फोन केला. योस्टाइन नावाचा माणूस बोलला.

"होडी केवढी?"

"अठरा फूट. लाकडी."

"लाकडी?" त्याने शीळ घातली. "हल्ली अशी होडी असलेलं माणूस फोन करत नाही हो. कुठून बोलताय?"

सांगितलं.

"तिथे अजून कुणी राहतं?"

"मी बोलतेय म्हणजे राहतच असेन ना!"

हसला. मग म्हणाला, "बरं, होडीत माणसं किती असणार? त्यावर मोटरची ताकद ठरते."

मी म्हटलं, दोन.

आता तू विचारशील, दुसरं कोण. ओली जाळी, माशांच्या पेट्या, बर्फ, सगळं मिळून एका माणसाचं वजन सहज होतं. शिवाय जाळं ओढणं हे एकट्याचं काम नाही, हे तुला मी सांगायला नको. एकीने होडी धरायची आणि एकीने ओढायचं. त्या हिशेबाने दोन.

तुझ्या आर्नफिनला नमस्कार. त्याच्या रक्तदाबाचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस.

गुन्वोर


स्कार्वोया, २९ जुलै

बोर्गहिल,

मोटर अजून ठरत कशी नाही, असं विचारलंयस. अगं, मोटर म्हणजे काय बटाटे आहेत, आले आणि घेऊन गेले?

एक मोठी आहे, ताकदवान, बटण दाबलं की चालू. दोन माणसं आणि भरलेल्या पेट्या घेऊन भरतीच्या विरुद्ध जाईल. एक त्याच्या निम्म्या ताकदीची आहे. तिसरी विजेची. योस्टाइनला ती फार आवडते. आवाज नाही, वास नाही, म्हणतो, पाण्याचा आवाज ऐकत जाल. मी म्हटलं, पाण्याचा आवाज मला घरातही येतो. जाईन मी तिच्यावर, पण परत येईन की नाही ते बॅटरी ठरवणार. हे काही मला पटलं नाही.

मग प्रश्न दांड्याचा. लांब दांड्याची मोटर की आखूड? त्यासाठी मागच्या फळीची उंची लागते. मी दिली. नंतर वाटलं चुकलं असेल, म्हणून पुन्हा मोजून फोन केला. पुढच्या मंगळवारी परत एकदा. योस्टाइन म्हणाला, "गुन्वोरबाई, गेल्या आठवड्यात तुमची होडी दोन बोटं बुटकी होती!"

"लाकूड आहे. फुगतं."

"कोरड्या होडीघरात?"

मी म्हटलं, तुम्हाला लाकडातलं काही कळत नाही.

मंगळवारी दुकानात गर्दी नसते, म्हणून मंगळवार. कधी मी करते, कधी तो करतो. त्याची सासू त्यांच्याकडे राहायला आली आहे. रोज संध्याकाळी टीव्हीचा रिमोट लपवते आणि मग सगळ्यांबरोबर स्वतःही शोधते. तो पन्नाशीत अकॉर्डियन शिकतोय. परवा त्याने दुकानातच वाजवून दाखवलं, मी इकडे रिसीव्हर कानाला लावून स्वयंपाकघरात बसले होते. छान म्हटलं. छान नव्हतं. पण एक वॉल्ट्झ पुरा वाजवला त्याने, चुकत चुकत, आणि संपल्यावर म्हणाला, "आता सांगा, मोटरचं काय?"

त्याने तिन्ही मोटरींची माहितीपुस्तकं पाठवली आहेत. जेवताना मी ती मोठ्याने वाचते. आपली भाषा संपली की स्वीडिश, मग जर्मन. काल फिनिश पानांपर्यंत आले. एक अक्षर कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

फळ्या बसल्या. नवीन लाकूड जुन्याच्या शेजारी पांढरंफटक दिसतं, आजारी माणसासारखं. डांबराचे दोन हात दिले की सारखं होईल. जवसाचं तेल आणि डांबर एकत्र तापवलं तेव्हा सगळ्या बेटावर वास सुटला. तुझ्या खिडकीपर्यंत पोचला असता तर तुला बरं वाटलं असतं.

दोरी ओढून चालू करायची मोटर नको, असं मी योस्टाइनला सांगितलंय. त्याने कारण विचारलं नाही. तू विचारशील, म्हणून सांगते. उजवा खांदा वर जात नाही. फेब्रुवारीत धक्क्यावर बर्फावरून पाय घसरला. विशेष काही नव्हतं म्हणून कळवलं नाही. उठता येत नव्हतं एवढंच. प्रवासी बोट यायची वेळ होती, तिच्यावरच्या खलाशाने पाहिलं आणि ते मला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, अजून तासभर पडून राहिल्या असत्या तर थंडीनेच गेल्या असत्या. डॉक्टर लोकांना असं बोलायची सवयच असते.

आता ती बोट थांबणार नाही. म्हणून मोटर नीट निवडायला हवी. उगाच घाई कशाला?

गुन्वोर


स्कार्वोया, २० ऑगस्ट

बोर्गहिल,

शनिवारी होडी पाण्यात सोडली आणि ती बुडाली.

आर्नफिनला घाबरू देऊ नकोस, तो बस चालवणारा माणूस. त्याला सांग, लाकूड इतकी वर्षं कोरडं पडलं की आक्रसतं, फटी पडतात. होडी पाण्यात घालून तिला बुडू द्यायचं असतं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या, एकमेकींना घट्ट भिडल्या, की मग उपसायची. आयलर्टला हे माहीत नव्हतं. लोटायला तो आणि त्याची बायको आली होती. पाणी आत शिरायला लागलं तसा तो बिचारा बूट घालूनच पाण्यात उतरला आणि बादलीने उपसायला लागला. मी काठावरून ओरडतेय, "अरे राहू दे, राहू दे!" आणि त्याला वाटतंय, धक्क्याने माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी ती दोघं मूशोएनला गेली. शाळा सुरू झाल्या, त्यामुळे बाकीचीही गेली. आता संध्याकाळी एकाही घरात दिवा दिसत नाही.

होडी धक्क्याला बांधलीय, काठोकाठ भरलेली, नुसते कडेचे ओठ वर. आत एक लहानसा खेकडाही फिरून गेला. मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसते. तिला राखायची गरज नाही. पण बसते.

तुझं पत्र तिथेच बसून वाचलं.

तू लिहिलंयस, 'योस्टाइनने परत विचारलं की एक सांग, ताई. मी येणार नाहीये. तिकडे मी दुःखी होते असं नाही, पण इथे मी सुखात आहे, आणि हे तुला लिहायला मला इतकी वर्षं लागली. तू दोन म्हणत राहिलीस तर मोठी मोटर घेशील. ती तुझ्या खांद्याने उचलणार नाही. कुणीतरी हात द्यायला येईल म्हणून वाट बघत ती धक्क्यावरच पडून राहील. ताई, एक सांग.'

वाचलं. घडी घातली. मग पुन्हा उघडून ते 'ताई' बघितलं. तू मला असं कधीपासून म्हणाली नव्हतीस कोण जाणे.

काल मंगळवार होता. मी योस्टाइनला म्हटलं, "होडीत एकच माणूस असणार."

मागे कुणीतरी गिऱ्हाईक स्क्रूची किंमत विचारत होतं.

"जाळी, पेट्या वगैरे?" त्याने विचारलं.

"नाही. एक माणूस आणि हातगळ."

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "मधली घ्या. लांब दांड्याची. तिलाही बटण बसतं, एक छोटी बॅटरी ठेवावी लागेल. आणि वजन असं आहे की तुम्ही एकट्या काढून ढकलगाडीवर ठेवू शकाल."

"बरं. तीच पाठवा."

एवढंच. फोन ठेवला आणि बघते तर कपातली कॉफी अजून गरम. एरवी मंगळवारी ती गार झालेली असते.

तू लिहिलंस ते बरं केलंस. खरंच, मोठी मला उचलली नसती.

गुन्वोर


स्कार्वोया, १२ सप्टेंबर

प्रिय बोर्गहिल,

मोटर आली. खलाशांनी ती खोक्यातून काढून धक्क्यावर उभी करून दिली. त्यांच्यातला एक म्हणाला, "आता आमची सुट्टी झाली, तुम्ही आम्हाला मागे टाकाल." चांगली माणसं आहेत. वेळापत्रक ती ठरवत नाहीत.

ओकच्या फळीवर ती अशी बसली की जणू गाईंनी उंबरठा तिच्यासाठीच झिजवला होता. बटण दाबलं. एकदा खोकली, दुसऱ्यांदा सुरू झाली. मला वाटलं होतं फार आवाज करेल. नाही करत. आपल्या म्हातारीसारखी ठोके मोजत नाही, एकसारखी गुणगुणत राहते. मला तिला अजून काय म्हणून हाक मारावी ते सुचलेलं नाही.

योस्टाइनचा फोन आला होता. "बसली का नीट?"

"बसली."

"कंपनं? पाणी कुठून येतंय का?"

"काही नाही. होडी सुकी आहे, बशीसारखी."

"वा." मग म्हणाला, "काही अडलं तर करा हं फोन."

"अडण्यासारखं काही नाही," मी म्हटलं. खरंच नाही. इतकी बिनतक्रार वस्तू त्याने दिली, आता मी तरी काय करू? सासूचं विचारायचं राहिलं.

पहिल्यांदा जाळं घेऊनच निघाले होते. तुला लिहिलं होतं हातगळ म्हणून, पण म्हटलं, बघू तरी. खडकांच्या बाहेर, आपल्या नेहमीच्या जागी टाकलं. टाकताना काही वाटलं नाही. ओढायला घेतलं तेव्हा होडी वाऱ्याने फिरली, मी मोटरीकडे धावले, तिकडे जाळं सुटलं. परत धरलं, परत फिरली. एकदा तर मी मागे न बघता ओरडले, "अगं धर ना तिला!" आणि मग जाळं हातात घेऊन तशीच बसून राहिले. लाट लहान होती. पक्षीही नव्हते.

शेवटी थोडं थोडं करत आणलं. डावा हात आणि दात. जाळं आता आयलर्टच्या भिंतीवर शोभेला देऊन टाकणार आहे, त्याने केव्हाचं मागितलंय.

दुसऱ्या दिवशी गळ घेऊन गेले. सेई मासा भरपूर आहे यंदा. दोन तासांत बादली भरली आणि तेव्हा लक्षात आलं की एवढा खायचा कुणी? बटाटे उकडले, लोणी वितळवलं, एकच तुकडा खाल्ला. बाकीचे मीठ लावून टांगले. टांगायची जागाही संपली.

तू जिथून लिहितेस ते ब्रोन्नोयसुंडचं घर पुलाच्या कुठल्या बाजूला आहे? दक्षिणेकडे असेल तर खाली मासेवाल्यांचा जुना धक्का असणार. सहज विचारलं.

गुन्वोर


स्कार्वोया, १४ ऑक्टोबर

प्रिय बोर्गहिल,

घरी सुखरूप पोचले. ते तुला फोनवर सांगितलंच. फोनवर आपण चांगलं बोललो, नाही? घूं-घूं ऐकायला वेळच मिळाला नाही. तरी काही गोष्टी राहिल्या, म्हणून लिहिते.

मी येणार हे आधी कळवलं नाही याचा तुला राग आला. कळवलं असतं तर तू हवामान बघत बसली असतीस, आर्नफिनला पुलावर उभं केलं असतंस. आणि वाटेतून परत फिरायची मोकळीक मला राहिली नसती. सकाळी वारा नव्हता. समुद्र तेल ओतल्यासारखा. शेवटची प्रवासी बोट येऊन गेल्याला दहाएक दिवस झाले होते आणि तेवढ्यात मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. टिनच्या डब्यात तेल भरलं, तीन चांगले कॉड वर्तमानपत्रात गुंडाळले, जाकीट घातलं आणि निघाले. कुठे थांबायचं नाही असं ठरवलं, कारण थांबले असते तर विचार केला असता. बाहेरच्या खडकांपलीकडे लाट जरा उंच होती. 'पेट्रीने'ने तोंड वर केलं, खाली ठेवलं, वर केलं. मोटरीने एकदाही सूर बदलला नाही. पुलाखालून गेले तेव्हा वरून गाड्या जात होत्या आणि कुणालाच माहीत नव्हतं की मी खाली आहे. मोठी मजा वाटली.

तुला वाटतंय की मी धक्क्यावरून थेट तुमच्या दारात आले. तसं झालं नाही.

तुमचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे आणि संध्याकाळ व्हायला आली की तुम्ही दिवा लावता पण पडदा लावत नाही. मी फाटकाशी होते. आर्नफिन बटाटे सोलत होता. त्याने एक बटाटा वर धरला, त्याला काहीतरी नाक-डोळे दिसत असावेत, आणि तो बटाटा तुझ्याशी बोलायला लागला. आवाज मला येत नव्हता. तू ओट्याला धरून वाकलीस. आधी मला वाटलं, तुला काही झालं. पोटावर हात दाबून तू खाली खाली जात होतीस. मग मान वर केलीस, तर तू हसत होतीस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो बटाटा बोलायचा थांबेना आणि तू हात जोडून त्याला थांबव म्हणत होतीस.

बोर्गहिल, तू होडीत हसायचीस. चांगलं हसायचीस, माझ्या खडूसपणाला, म्हाताऱ्या इंजिनाला. मला वाटायचं तुझं हसू मला पाठ आहे. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी फाटकाशी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. परत जावं असं वाटलं. अजून उजेड होता, तेल होतं, कुणी पाहिलं नव्हतं. माशांचं पुडकं गळायला लागलं होतं, बोटं गारठली होती. मी वळलेसुद्धा. तुमच्या शेजारणीने कचऱ्याचा डबा बाहेर आणला आणि मला विचारलं, "कुणाकडे आलात?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "बहिणीकडे."

ते तोंडून गेल्यावर मला दार वाजवावंच लागलं.

"कोण आहे?" तू आतून ओरडलीस, अजून हसतच. आणि दार उघडलंस.

पुढचं तुला माहीत आहे. तू "ताई, अगं एकटी आलीस?" म्हणून मला आत ओढलंस, आर्नफिन हातात बटाटा घेऊन उभा. मग मोटर बघायची म्हणून तो घरातल्या चपला घालूनच धक्क्यावर आला आणि होडीत बसून त्याने मला गिअरबद्दल जे प्रश्न विचारले त्यावरून एवढं कळलं की बसवाल्यांना समुद्राची भीती वाटत असली तरी यंत्राची वाटत नाही. माणूस बरा आहे तुझा. फार बोलतो, पण तुला ते हवंच होतं. माझ्याबरोबर असताना तुझे तेवढे शब्द न बोलताच शिल्लक राहत असतील.

खालची खोली चांगली आहे. गादी मऊ. सकाळी तू दोनदा म्हणालीस, राहा, आणि मी दोनदा नाही म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तू म्हणाली नाहीस याबद्दल तुझे आभार. मी इथलीच आहे. दिवे लागत नाहीत, बोट थांबत नाही, फिनिश पानंही आता वाचून संपली. हिवाळा लांबलचक असणार आहे, हे मला कळतं. तुला ते लपवून काही उपयोग नाही.

परत येताना पुलापासून खडकांपर्यंत मी एकच गोष्ट मनात धरून होते. तू दार उघडलंस तेव्हा तुझ्या तोंडावर ते हसू अजून होतं. त्या बटाट्याचं, त्या घरातलं, माझ्याशी ज्याचा काही संबंध नाही असं. मी दारात दिसले की ते विझेल, याचीच मला फाटकाशी भीती वाटत होती.

ते विझलं नाही.

तुझी,
गुन्वोर